बोटांची टोकं

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी बँडेजचं प्रॅक्टिकल होतं आणि सरावासाठी माझ्याकडे एकच पाय होता, आईचा. मानखुर्दच्या आमच्या खोलीत ती पाय लांब करून भाजी निवडत बसायची. मी तिच्या घोट्याभोवती आठाच्या आकड्याची पट्टी गुंडाळायचे, सोडायचे, पुन्हा गुंडाळायचे. एकदा घाईत पट्टी पार नखांपर्यंत गेली आणि मी तिच्यावरच डाफरले, "बोटांची टोकं उघडी ठेवायची असतात. रंग बघावा लागतो. बोट काळंनिळं पडलं तर कळणार कसं?" आईने मेथीतून मान वर केली. "मग हे तुझ्या हाताला सांग ना बाई, मला काय सांगतेस?" परीक्षेत मला चांगले मार्क मिळाले. त्यातले अर्धे माझ्या पायाचे, असं ती पुढे कित्येक वर्षं शेजारणींना सांगत होती.

मी घाटकोपरच्या एका नर्सिंग होममध्ये लागले. वडील गेले, घरात आम्ही दोघीच उरलो. पगार फार नव्हता, पण दोघींना पुरायचा. अडचण वेगळीच होती. आमच्या गल्लीत संडास सार्वजनिक, तोही पार टोकाला. आईचे गुडघे दुखायचे, त्यात तिला डायबेटिस निघाला. पुन्हा पुन्हा तिकडे जायला नको म्हणून ती दुपारनंतर पाणीच प्यायची नाही. मी चिडायचे, तर म्हणायची, "तहान लागत नाही गं." डायबेटिसच्या बाईला तहान लागत नाही, हे ती नर्सला सांगत होती. मी ठरवलं, आतच संडास-बाथरूम असलेली खोली भाड्याने घ्यायची. बिल्डिंगमधली, छोटी का होईना. डिपॉझिट जमलं की निघायचं.

"पगार वाढायची वाट बघशील तर म्हातारी होशील," वॉर्डातली मैत्रीण म्हणाली. "ब्यूरोत नाव घाल ना यार. सगळ्या करतात."

ब्यूरो म्हणजे घरी जाऊन पेशंट सांभाळायला नर्स पुरवणारी एजन्सी. नाव घातलं आणि आठवड्याभरात मुलुंडची केस मिळाली. ऐंशीच्या पुढच्या आजी, डायबेटिस, जवळजवळ अंथरुणावर. सकाळी आठ ते दोन वॉर्ड, तीन ते आठ आजी. तिथे पोचल्यावर माझं पहिलं काम म्हणजे आजींचे पाय. टॉर्च घेऊन तळवे बघायचे, टाचा बघायच्या, एकेक बोट बाजूला करून मधली जागा बघायची आणि वहीत लिहायचं. या आजारात पायाची जाणीव जाते. चटका बसला, कापलं, तरी माणसाला कळत नाही. म्हणून दुसऱ्या कुणीतरी रोज बघायचं. आजींची सून म्हणायची, "सिस्टर, तुम्ही बघताय म्हणून आम्ही निर्धास्त आहोत." ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

ब्यूरोच्या मॅडमचा एक नियम होता. दोन दिवस दांडी मारली की केस दुसरीला. सणासुदीला गेलं तर मात्र डबल पैसे. त्यामुळे माझ्या कॅलेंडरातली लाल तारीख म्हणजे सुट्टी राहिलीच नव्हती.

बुद्ध पौर्णिमेला आई पांढरी साडी नेसून विहारात जायची आणि दरवर्षी मी सोबत असायचे. त्या वर्षी आदल्या दिवशी ती म्हणाली, "एक दिवस ये गं. मला एकटीला उन्हाचं नको वाटतं." मी म्हटलं, "डबल आहे उद्या." ती लगेच म्हणाली, "मग जा. शेजारीण आहे सोबतीला."

विहाराच्या अंगणात फरशी आहे. चपला बाहेर काढून, भर दुपारी, मे महिन्यात, ती त्या फरशीवर रांगेत उभी होती. तिला चटका कळलाच नाही. घरी येऊन पाय धुताना अंगठ्याखाली फोड दिसला. हे सगळं मला नंतर कळलं. त्या रात्री घरी येऊन मी विचारलं तेव्हा तिने खीर पुढे केली आणि गर्दी छान होती म्हणाली.

त्यानंतर ती घरात मोजे घालून बसायला लागली. विचारलं तर म्हणाली, पंख्याने पाय गार पडतात. मुंबईत, मे महिन्यात. बारा वर्षं नर्सिंग केलेल्या बाईने हे ऐकून घेतलं आणि जेवून झोपली. खोलीत जंतुनाशकाचा वास यायचा. तो मला माझ्याच कपड्यांचा वाटायचा. एकदा मात्र म्हणाले होते, पाय बघू तुझे. तिने पाय पोटाशी घेतले आणि हसली, "जा, तुझ्या मुलुंडच्या आजीचे बघ. तिथे पैसे मिळतात." मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

तीन आठवड्यांनी एका सकाळी ती उठलीच नाही. अंग तापाने फणफणलेलं, बोलणं असंबद्ध. मी मोजा ओढून काढला.

आत पट्टी होती. आठाच्या आकड्याची. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला सारखा झाकत गेलेला, शेवट चिकटपट्टीने घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, गाठ कुठेही नाही. माझ्या ट्रंकेतल्या जुन्या पट्ट्या रोज धुऊन, वाळवून, मी कामावर गेल्यावर ती स्वतः बांधत होती. माझ्या हातून वॉर्डातही इतकी नीट बसत नाही. आणि बोटांची टोकं तिने उघडी ठेवली होती. अंगठा काळा पडला होता. तिने मी शिकवलं तसंच सगळं केलं होतं. रंग बघायला तेवढं कोणी नव्हतं.

सरकारी इस्पितळात आधी अंगठा जाईल म्हणाले, मग अर्धं पाऊल. शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. ती शुद्धीवर आल्यावर मी तिला विचारलं, सांगितलं का नाहीस? रागाने विचारलं, मला दुसरं येतच नाही.

"सांगितलं असतं तर तू घरी बसली असतीस," ती म्हणाली. "केस गेली असती तुझी. आणि नवी खोली राहून गेली असती."

केस तिसऱ्या दिवशीच गेली. मॅडमनी फोनवर हळहळ व्यक्त केली आणि त्याच वाक्यात आजींची वही कुठे आहे ते विचारलं. डिपॉझिटसाठी जमवलेलं औषधांत आणि रिक्षात संपलं. आम्ही अजून त्याच खोलीत आहोत. आईला आता गल्लीच्या टोकाला जावं लागत नाही. पलंगाखाली भांडं असतं आणि ते मी उचलते.

वॉर्डातल्या नव्या मुली मला विचारतात, एवढ्या पगारात भागत नाही, काय करू? मी त्यांना ब्यूरोचा नंबर देते. नको जाऊ म्हणायचा मला काय अधिकार? त्यांच्याही घरी गरजा आहेत. फक्त विचारते, घरी कोण आहे तुझ्या, आणि त्यांचे पाय तू शेवटचे कधी बघितलेस? त्या एकमेकींकडे बघतात. डोक्यावर परिणाम झालाय बाईंच्या, असं त्यांना वाटत असणार.

इस्पितळातून घरी आल्यावर पहिल्यांदा मी तिची पट्टी बदलली तो रविवार होता. पाय जिथे संपतो तिथे सूज उतरावी म्हणून तशीच आठाच्या आकड्याची पट्टी घट्ट बांधतात. आई उशीला टेकून डोळे मिटून पडली होती. औषधांची गुंगी होती तिला. माझ्या हातून दोनदा पट्टी सुटली. तिला ते जाणवलं असावं.

"सावकाश कर," ती म्हणाली. "आणि टोकं उघडी ठेव हं. रंग बघावा लागतो."

मी म्हटलं, "हो आई. ठेवली."