मार्थाआजीच्या लग्नाची खरी गोष्ट

गेल्या रविवारी अंधेरीत, आमच्या चर्चच्या हॉलमध्ये माझ्या पुस्तकाचं प्रकाशन झालं. फोटो का टाकले नाहीस म्हणून आठवडाभर मेसेज येताहेत... टाकणार नाही. का, ते सांगते.

आम्ही ईस्ट इंडियन. म्हणजे इथल्या गावठाणांतले मूळचे मराठी ख्रिस्ती. इंग्रज साहेबाकडे नोकऱ्या मिळाव्यात म्हणून वाडवडिलांनी हे नाव आपणहून घेतलं आणि आम्ही ते अजून कौतुकाने मिरवतो.

पुस्तक माझ्या आईच्या आईवडिलांच्या लग्नाचं. वर्षभर इथेच त्याचे भाग टाकत होते, तुम्ही बदाम पाठवत होतात... महायुद्धाचा काळ. गोऱ्या सरकारला लष्करी कामासाठी आमची भातशेतं हवी होती. पीटरआजोबा साहेबाच्या कचेरीत दुभाषी, मार्थाआजी सतरा वर्षांची. आजोबांनी शेताची नोटीस अडवून धरली, आजीच्या वडिलांनी त्यांना मुलगी दिली, आणि ठरवून झालेल्या त्या लग्नात दोघं एकमेकांच्या प्रेमात पडली. हीच गोष्ट ऐकत मी मोठी झाले.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात. कोणाची हरकत असेल तर ती तेव्हा सांगायची. मी लिहिलं होतं की नावं वाचली आणि मार्था लाजून चूर झाली... तो भाग सगळ्यात जास्त शेअर झाला होता.

प्रकाशनाच्या चार दिवस आधी पुस्तकाची प्रत घेऊन बोरीवलीला फिलूआजीकडे गेले. ही मार्थाआजीची धाकटी बहीण. नव्वदीची, डोळे गेलेत, पण डोकं झकास चालतं. त्या लग्नाला हजर असलेली आता ती एकटीच उरलीय. तिला वाचून दाखवायचं, ती खूश होणार, मी व्हिडिओ काढणार, असा माझा प्लॅन.

लाजण्याचं पान आलं आणि तिने माझा हात धरला.

"सगला खोटा हाय, बाय."

मग तिने सांगितलं. तिसऱ्या रविवारी फादरनी नावं वाचली आणि मार्था स्वतः बाकावरून उठली. "मना लगीन नाय करायचा," असं भर चर्चमध्ये म्हणाली. फादर थांबले, त्यांनी तिच्या वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, पोर घाबरलीय, तुम्ही वाचा पुढे. फादर पुढे वाचू लागले. आईने मार्थाला दंडाला धरून खाली बसवलं. फिलू तेव्हा आठ वर्षांची, शेजारीच बसलेली.

आणि एवढं करून वर्षभराने शेत गेलंच. ताब्याचा हुकूम घेऊन साहेब आला, तेव्हा सोबत दुभाषी म्हणून पीटरआजोबाच होते. सासऱ्याला त्यांनीच तो मराठीत वाचून दाखवला.

मला एकदम आठवलं... आजी जन्मभर चर्चमध्ये पहाटेच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, जायची आणि आजोबा नऊच्या. पोरांकडे बघायला एकजण घरी हवा म्हणून, असं मी पुस्तकात गोड करून लिहिलंय. पोरं मोठी होऊन आपापल्या घरी गेली तरी दोघं वेगवेगळीच जात होती, हे मी रोज बघत होते ना! डोळे फुटले होते का माझे?

रस्त्यातूनच मामाला फोन लावला, म्हटलं प्रकाशन थांबवू या. मामा म्हणजे त्या दोघांचा थोरला मुलगा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. कार्यक्रमाची सगळी धावपळ त्याचीच. आधी म्हणाला, फिलूमावशीचं वय झालंय, काहीही बोलते. मी ऐकेना तेव्हा त्याचा आवाज चढला.

"म्हणजे आम्ही काय जबरदस्तीची पोरं? असं छापणार तू?"

आणि तो रडायला लागला. मामाला रडताना मी याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, बरं, राहू दे.

रविवारी फिलूआजीला लाल लुगडं नेसवून, व्हीलचेअरवरून आणून पहिल्या रांगेत बसवलं. फादरनी भाषणात नेमका तोच लाजण्याचा उतारा वाचला. हॉलभर टाळ्या... आणि त्या टाळ्यांत फिलूआजीने हात वर केला. "फादर..." म्हणाली. तिच्याकडे माइक नव्हता. मामा वाकून तिच्या कानात म्हणाला, "मावशी, नंतर हां." आणि तिचा हात धरून मांडीवर ठेवला.

मी स्टेजवरून सगळं पाहिलं. माइक माझ्या हाताशी होता. मी हसत बसले, आणि सगळ्या फोटोंत तशीच आलेय.

राग कोणावर काढू कळत नाही. साहेब गेला, ते फादर गेले, पणजोबा गेले. त्या दिवशी चर्चमध्ये गप्प बसलेल्या माणसांना मी चार दिवस मनातल्या मनात शिव्या घालत होते... वेळ आली तेव्हा मीही त्यांच्यातलीच निघाले. लाज वाटते. फार लाज वाटते.

मामा, तू हे वाचशीलच. आजीचा तुझ्यावर जीव होता, त्यात काही खोटं नाही. पण हे लग्न तिला नको होतं आणि तिने ते सगळ्या गावासमोर सांगितलं होतं. फिलूआजी, तू हे ऐंशी वर्षं लक्षात ठेवलंस. तुझे उपकार मानायलाही मला तोंड नाही.

ज्यांनी पुस्तक घेतलंय त्यांना एक विनंती. ते पान उघडा, 'लाजून चूर झाली' खोडा, आणि तिथे लिहा, 'मार्था उभी राहिली आणि नाही म्हणाली.' पेनने लिहा.