नऊ ठिपके

ऑफिसची बस गाठायला धावत निघाले आणि समोरच्या सुलभाकाकूंच्या दाराशी थबकले. उंबऱ्यापुढे रांगोळीचे नुसते नऊ ठिपके होते, रेघ एकही नाही. काकू दारातच होत्या.

"काकू, जोडायचे राहिले! पटकन जोडून देऊ?"

"राहिले नाहीत गं. आज एवढीच रांगोळी. उभी राहा जरा."

उभी राहिले, आणि काय सांगू! डोळेच रेघा ओढू लागले. कमळ उमटलं, चांदणी उमटली, मग तीही विरली. उरली ठिपक्यांमधली मोकळी फरशी. केवढी ऐसपैस होती ती! डोक्यातली सकाळची कटकट कधी थांबली, कळलंच नाही.

खाली बसचा हॉर्न वाजला. जाताना मी ठिपक्यांना जपलंच, पण त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेलाही पाय लागू दिला नाही.