मी वठवलेलं रान

मॅट्रिकला मी गणितात गचकलो आणि जंगल खात्याने मला झाडं मोजायच्या कामावर घेतलं. यातला विनोद मला कळायला बरीच वर्षं लागली. खात्याला तो कधी कळला असेल असं वाटत नाही. शहापूरच्या बाजारात आमचं किराण्याचं दुकान. भात मी पोत्यात पाहिलेला, लाकूड वखारीत. उभ्या झाडाशी माझा संबंध आला तो फार तर सावलीपुरता.

नेमणूक मुरबाडला झाली, तीही हंगामी. लढाई चालू होती. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या भट्टीवर धावत. धावत म्हणजे काय, चढ लागला की उतारू उतरत आणि मागून ढकलत. त्या भट्ट्यांच्या कोळशासाठी कुठलं राखीव रान ठेकेदाराला द्यायचं ते ठरवायचं होतं. ज्या रानाची किंमत कमी भरेल ते आधी जाणार, असा हिशेब. आणि किंमत ठरवायची कोणी, तर आमच्यासारख्या गचकलेल्यांनी.

माघात मी धसईपर्यंत मोटार ढकलत गेलो आणि पुढे चालत सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत पोचलो. तिथल्या एका पन्नाशीच्या शेतकऱ्याच्या पडवीत माझा मुक्काम होता. त्यांना मी काका म्हणत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला वाडीमागचा उतार दाखवला. सगळी ऐनाची झाडं, पण फांदी नाही, पान नाही. डोई भादरून उन्हात उभी केलेली माणसंच जणू.

मी विचारलं, "हे असं कशानं झालं, काका?"

काकांनी एकदा उताराकडे पाहिलं, एकदा माझ्या खाकी टोपीकडे.

"गेली, भाऊसाहेब."

"वठली?"

"वठलीच म्हना ना."

नियम असा होता की साल चाकूने खरवडून बघायची. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत. खात्याने मला चाकू दिलाही होता. त्याने मी पेन्सिली तासल्या. तक्त्यात लाकडाचा रकाना होता, जळणाचा होता, शेवटी शेऱ्याचा होता. शेऱ्यात मी वळणदार अक्षरात लिहिलं: 'वठलेली, निरुपयोगी.' दुपारी काकांनी नागलीची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा वाढला. सरकारी माणसाला किती मान देतात, असं मला वाटलं.

भाद्रपदात हद्दीच्या खुणा करायला मला पुन्हा तिकडे धाडलं. उतारावर गेलो तर मेलेल्या प्रत्येक झाडाला तळहाताएवढी पानं. मी वाट चुकलो असं समजून शेजारच्या टेकडीवर गेलो, तिथून परत आलो. उतार तोच होता. काकांना सांगितलं, तर ते आधी पोटभर हसले आणि मग खरं काय ते बोलले. भाताचं रोप करायचं तर ते ज्या तुकड्यावर पेरायचं तिथे आधी टहाळ, म्हणजे पानांसकट तोडलेल्या फांद्या, पसरून जाळावा लागतो. त्याला राब म्हणतात. राब नसेल तर रोपात तण माजतं, रोप पिवळं पडतं आणि लावणीला काही उरत नाही. टहाळ त्या उताराचाच. पण राखीव रानात फांदी तोडायला बंदी, म्हणून खाकी टोपीने विचारल्यावर झाडं मेली म्हणून सांगून टाकलं. तेवढाच दंड टळेल.

मग मी त्यांना सांगितलं की माझ्या त्या शेऱ्यावर दिवाळीनंतर ठेकेदार येणार आहे. काकांचं हसू तिथेच थांबलं.

"आता लिवा ना, जिती हायत म्हून."

मुरबाडला साहेबांसमोर उभा राहिलो. ते म्हणाले, मेलेली झाडं जिवंत झाली असं वर कळवू काय? कोणी जिवंत केली, विचारतील. फांद्या कोणी तोडल्या ते लिहून आण, मग बघू.

मी परत वाडीत. पडवीत वाडीतली सगळी बसली. कबुली दिली तर दंड, आणि गुरं चारायचा पासही जायची भीती. नाही दिली तर उतार जाणार. मी माझ्या परीने शहाणपण केलं. म्हटलं, उताराची खरी किंमत काढू, साहेबांना पटेल. राब झाला, गुरांचं गवत झालं, हिरडे झाले. मग झऱ्याशी येऊन अडलो. झरा त्या उताराच्या पोटातून यायचा, वाडी त्याच्यावरच पाणी प्यायची. मी पेन्सिल धरून विचारलं, पाण्याचे किती धरू? काकू शेजारणीला म्हणाल्या, "पानी काय इकतात गो कुठं?" बायका हसल्या. मी रकाना रिकामा सोडला. आजही मला तिथे काय लिहायला हवं होतं ते सांगता येणार नाही.

मग काका पुढे सरकले.

"लिवा. आमीच तोडला टहाळ. दरसाल तोडतो, दरसाल फुटतो. झाड मारलं असतं तर दुसऱ्या साली कशाला गेलो असतो तिथं?"

त्याखाली त्यांनी अंगठा उठवला. एवढं पक्कं कलम त्या कचेरीत कोणी लिहिलं नसेल. मी कागद खिशात घालून मोठ्या ऐटीत उतरलो.

कचेरीत त्या कागदाचे दोन कागद झाले. टहाळ तोडल्याची कबुली गुन्ह्याच्या टेबलावर गेली. ते टेबल चपळ. आठवड्यात दंडाचा हुकूम निघाला, चारणीचे पासही बंद. झाडं जिवंत असल्याची बाब दुसऱ्या टेबलावर गेली. तिथून उत्तर आलं की ठेका दिला गेला आहे, लढाईची निकड आहे, सबब विचार करता येत नाही. दिवाळीनंतर कुऱ्हाडी लागल्या. मी दोनदा अर्ज केला. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, पुरे. आणि फाल्गुनात, राखीव रानातला जुना गुन्हा उघडकीस आणल्याबद्दल शेरा मारून त्यांनी मला कायम केलं. घरी आईने पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

चैत्रात वाडीवर गेलो. बोलायचं वाक्य मी वाटेत चार वेळा जुळवलं होतं. उतारावर खुंट होते आणि कोळशाच्या भट्ट्यांचे काळे गोल. बायका डोईवर हंडे घेऊन खालच्या डोहाकडून वर येत होत्या. काका आणि काकू वाटेवरच्या आंब्याखाली खराट्याने पाला गोळा करत होती. रोपासाठी राखलेला तुकडा गेल्या सालच्या निम्माही नव्हता, आणि टोपलीतला पाला तेवढ्यालाही पुरेसा दिसेना.

माझं वाक्य निघायच्या आतच काका म्हणाले, "पक्कं झालं म्हनं तुमचं?"

मी मान हलवली.

"बरं झालं. येकाचं तरी रोप लागलं."

टोमणा होता की नाही, ते त्यांच्या तोंडावरून कळेना. त्यांनी टोपली पुढे सरकवली. काकू खराटा घेऊन माझ्यापर्यंत आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, पाय उचला जरा."

मी त्यांच्या पाल्यावर उभा होतो.