शिंगं नसलेला राक्षस

आईचं पत्र विशाखापट्टणमला पोचायला नऊ दिवस लागले. वाडीतल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं, दोनच वाक्यांचं. ‘दामू गेला. आम्ही कुणी गेलो न्हाय.’ दामू म्हणजे माझा मामा, आईचा सख्खा भाऊ. त्याचं घर आमच्या घरापासून दहा पावलांवर... आज महिना झाला, पत्र अजून उशाशीच आहे.

मामा लढाईआधी बोटीवर खलाशी होता. जर्मनीतल्या एका बंदरात त्यानं तिथला हुकूमशहा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. स्वातंत्र्य आलं त्या सुमारास तो रेवदंड्याजवळच्या आमच्या कोळीवाडीत परतला आणि जाळी विणत बसला. मी तिसरीतच शाळा सोडलेली. जुन्या वर्तमानपत्रावर बोट फिरवून त्यानंच मला वाचायला शिकवलं. आज मोडकंतोडकं लिहिते आहे ते त्याच्यामुळे. आम्ही बायका दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून काठीवर वाळत घालायचो, तेव्हा तो जवळ बसून गोष्ट सांगायचा. त्याच्या गोष्टीत एक राक्षस होता. तो कुणाला खात नसे. तो ज्याच्याकडे बोट दाखवी, तो माणूस शेजाऱ्यांना दिसेनासा होई, एवढंच.

“मामा, याला शिंगं न्हाईत काय?” मी विचारलं.

“शिंगं असती तर पोरं पळाली असती गो. मी पाहिला तो पोरांचे गाल कुरवाळत होता. आणि पोरं रांगेत उभी!” मग त्यानं सांगितलं, की त्या बंदरात एका दुकानाच्या काचा फोडून दुकानदाराला उचलून नेलं होतं. शेजारीण फुलझाडांना पाणी घालत होती. मामानं खुणेनं विचारलं, तर तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“म्हंजे आपला पाटीलच की!” मी बोलून गेले. आमच्या गावकीचा पाटील एखाद्याला वाळीत टाकी. मग त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्या सुखदुःखाला जायचं नाही. बायका खदखदून हसल्या. “हळू बोल गो, न्हायतर उद्या तूच दिसायची न्हाईस!” एकीनं टोमणा मारला. संध्याकाळच्या आत माझे शब्द पाटलाच्या ओट्यावर पोचले होते, नाव तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

गावकी बसली. माझं लग्न आठ दिवसांवर आलेलं. “कोण बोललं असं?” पाटलानं विचारलं. मी आईच्या पाठीमागे सरकले. मामा उठला. “मी बोललो.” गावकीपुढे नारळ ठेव, चुकलो म्हण, की मिटलं, असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं नारळ हातात घेतलासुद्धा. मग पाटलाला परत देत म्हणाला, “बोलण्यात खोटं असतं तर म्हटलं असतं.” पाटलानं आवाज चढवला नाही. पानाला चुना लावता लावता म्हणाला, “बरं. दामू आजपासून न्हाय.”

मला बोहल्यावर मामानं न्यायचं, ते दुसऱ्याच कुणीतरी नेलं. वरात मामाच्या दारावरून गेली. तो दारातच उभा होता... मी मान वळवली नाही.

ते बोलणं माझं होतं. मामाचं प्रेत शेवटी रेवदंड्याच्या बाजारातल्या हमालांनी उचललं, असं मागाहून कळलं. हे मासिकात छापून आलं की वाडीत वाचलं जाईल. आई अजून तिथंच राहते, तिचं काय होईल या विचारानं झोप लागत नाही. तरी लिहिते आहे. इतकी वर्षं माझा संसार त्याच्या जिवावर झाला.

लग्नानंतर मी इकडे विशाखापट्टणमला आले, तेव्हापासून दर दिवाळीला त्याचं कार्ड यायचं. सगळी मी तांदळाच्या डब्यात ठेवली आहेत. मजकूर दरवर्षी तोच: ‘वाडीत सगळी बोलतात माझ्याशी. तू काळजी करू नको.’ मी विश्वास ठेवत गेले, मला ते बरं पडत होतं. परवा शेवटचं कार्ड पुन्हा काढलं. खाली एक ओळ लिहून खोडली आहे. आलं तेव्हा मी ती वाचायचा प्रयत्नही केला नव्हता. शाई पातळ आहे, नीट पाहिलं तर अक्षर लागतं. ‘तुझ्या आईला लिही, एकदा तरी मला हाक मार म्हणावं.’