नाथाजी शिंप्याचा अडलेला बगळा

...तर हंबीरराव तलवार उपसून नाथाजीच्या ओट्यावर चढला, इथवर काल आलो होतो. घाबरू नका, तलवार लाकडी होती, वर बेगड चिकटवलेली. भांडणही काही जिवावरचं नव्हतं. यात्रेच्या नाटकात हंबीररावाला जो राजा दिला होता, त्या राजाला दुसऱ्या अंकात लढाई नव्हती, एवढंच.

"नाथाजी, सहा वर्सं पलटणीत काढली मी. इटलीत जर्मनाम्होरं हुबा ऱ्हायलो. आन् गावच्या नाटकात नुसता सिंहासनावर बसू व्हय रं?"

नाथाजीनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "बस की. तितं तरी कवा बसाय मिळालं हुतं?"

"न्हाई गड्या. रजा संपायच्या आत गावाला माझी लढाई दिसली पायजे."

"बरं बाबा, घालतो."

असा हा माणूस. नाही म्हणणं त्याच्या जिभेला कुणी शिकवलंच नव्हतं. रहिमतपूर स्टेशनापासून दोन कोसांवर आमचं गाव, आणि नाथाजी शिंप्याचं दुकान म्हणजे त्याच्या घरापुढचा ओटा. सेहेचाळीस साल होतं. लढाई संपली होती, पण कापड रेशनवर, कागद रेशनवर. नवं कापड कुणाला मिळत नव्हतं, त्यामुळे नाथाजीकडं यायच्या त्या फाटक्या चड्ड्या. पोरगं चड्डी काढून द्यायचं आणि सदरा गुडघ्यापर्यंत ओढून ओट्यावर उभं राहायचं. चड्डीशिवाय पळून कुठं जाणार? मग नाथाजी ठिगळ लावता लावता त्याला गोष्ट सांगायचा. ठिगळ संपलं की गोष्ट संपली. आणि गोष्ट त्याच पोराची, बरं का. पोरगं भित्रं असलं तर वाघ भित्रा. पोरगं खादाड असलं तर गोष्टीतला उंदीर पुरणपोळीत राहायला गेलेला. आमच्या थोरल्या भावाच्या पोरीला बोबडं बोलायची सवय, तर तिच्यासाठी त्यानं बोबडा कावळा काढला. त्या कावळ्याचं ऐकून ती पोरगी स्वतःच त्याला सुधारून सांगायला लागली.

त्याच्या दोनेक वर्षं आधी त्याची बायको साळूबाई एकदा वैतागून म्हणाली, "गावाची पोरं फुकाट ऐकत्यात. तेवढं लिवून तरी ठेवा." तो चौथीपर्यंत शिकलेला. लिहिलं त्यानं. दोरा आणि बटणं आणायला सांगलीला गेला तेव्हा बाळगोंडा पाटलांच्या छापखान्यात कागद ठेवून आला, आणि पुढल्या दिवाळीला पुस्तक निघालं. 'बुजगावण्याकडचा पाहुणा'. शेजारच्या धोंडुबाईनं आमच्या गल्लीतल्या प्रतीला हळदकुंकू लावलं, त्यामुळे मुखपृष्ठावरच्या आमच्या पाहुण्याचं नाक कायमचं लाल झालं.

पण पुस्तक छापून आलं आणि नाथाजीचं सुख संपलं. लेखक झाला ना तो! कुणाच्या घरी बारसं, की पाळणा नाथाजीनं रचायचा. कुणाचं लग्न, की मंगलाष्टका नाथाजीच्या, आणि त्यात वरपक्षाच्या आत्याचंही नाव आलं पाहिजे. यात्रेचं नाटक तर त्याचंच. पात्रंही त्यानं माणसं बघूनच लिहायची. अडखळत बोलणाऱ्या सिद्धूला त्यानं प्रधान केला आणि प्रधानाला 'जी महाराज' एवढंच वाक्य दिलं. मी राणी होतो. हसू नका, मिसरूड फुटलं नव्हतं मला तेव्हा.

त्यातच बाळगोंडाआण्णांनी दुसरं पुस्तक मागितलं. यंदा मोठं काढू, म्हणाले, सगळ्या महाराष्ट्रातल्या मुलांसाठी. कागदाचा कोटा खास राखून ठेवला, मुखपृष्ठाचं चित्रही करून घेतलं, चष्मा लावलेला बगळा. बाकीच्या गोष्टी नाथाजीनं दिल्या. जिच्यावरून पुस्तकाला नाव द्यायचं ती बगळ्याची गोष्ट तेवढी राहिली.

ती काही होईना. सकाळी बगळ्याला बसायचा आणि दुपारी नाटकाला. नाटक भराभर व्हायचं, बगळा एका पायावर तसाच उभा. एकदा त्यानं मला वाचून दाखवली, तर बगळा तळ्याकाठी गरजत होता, "कोण आहे रे तिकडे! मासा हजर करा!"

मी म्हणालो, "नाथाजी, ह्यो बगळा न्हाई, ह्यो हंबीरराव हाय."

तो हसला नाही. "आण्णा म्हणत्यात, सगळ्या म्हाराष्ट्राच्या पोरांसाटनं लिव्हा. आरं, म्हाराष्ट्र काय खातो, कशाला भितो, मला काय ठावं? माझ्या ओट्यावर कवा हुबा ऱ्हायला त्यो?"

चैत्रात यात्रा आली. पालखी गावात फिरून आली, घरोघर मटण शिजत होतं, आणि तिसऱ्या प्रहरी ओट्यासमोर बैलगाडी थांबली. पांढरं धोतर, कोट, काखेत छत्री. खुद्द बाळगोंडाआण्णा! सांगलीहून मिरजेला आणि मिरजेहून आगगाडीनं आले होते.

"काय ओ नाथाजी, बगळा कुठाय?"

नाथाजी हंबीररावाच्या अंगावर राजाचा अंगरखा चढवत होता. तोंडात टाचण्या, त्यामुळे उत्तर द्यायचं वाचलं.

आण्णा ओट्यावर टेकले. शांत माणूस, आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "हे बघा, लग्नसराई तोंडावर आलीय. लग्नपत्रिकावाले माझ्या कागदावर टपून बसलेत. उद्या सकाळच्या गाडीला गोष्ट माझ्या पिशवीत असंल तर पुस्तक निघतंय. नाहीतर कागद पत्रिकांना जाणार. परत कधी कोटा मिळंल, देवाला ठाऊक."

हंबीरराव एक बाही घातलेली, एक लोंबती, तसाच वळला. "नाथाजी! पुस्तक अडलंय? मला का न्हाई सांगितलंस रं? मी आपला लढाया मागत बसलो!"

नाथाजीनं टाचण्या काढल्या. "तुजी रजा संपती की."

हंबीररावानं दुसरी बाही चढवली. मग तलवार कमरेला खोचून ओट्याच्या पायरीवर जाऊन उभा राहिला, ताठ, पहाऱ्यावर उभं राहावं तसा. पहिला सापडला सिद्धू. बिचारा मिशी चिकटवायला आला होता.

"हुकुमदार!" पलटणीतला पहारेकरी 'कोण आहे तिकडं' म्हणून विचारतो तसा हंबीरराव ओरडला.

"मी, मी, प्रधान..."

"मिशी घरी लाव! आज दुकान बंद!"

आत साळूबाईची वेगळीच धांदल. पाहुणा जैन, आणि गावभर रश्शाचा वास. तिनं सासूची उपासाची भांडी काढून घासली. भाकरी, मुगाची उसळ, दही, लसूण न घातलेली शेंगाची चटणी. आण्णा जेवायला बसले आणि घाईघाईनं घास घेत दारातून आभाळाकडं बघायला लागले.

"सावकाश जेवा की आण्णा," साळूबाई म्हणाली.

"सूर्य बुडाला की आम्ही जेवत नाही, वैनी. अजून वेळ आहे म्हणा, पण सवय लागलीय. धाकटी त्रिशला आहे ना आमची, तिच्यामुळं. एक घास गालात धरून अंगणभर फिरती. इकडं सूर्य चालला, तिकडं घरात आरडाओरडा, जेव गं, जेव गं! परवा तर अंगणात जाऊन सूर्यालाच म्हणाली, थांब की ओ जरा, माझा भात राह्यलाय."

नाथाजी दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, तो सरळ झाला.

"केवढी हाय?"

"सहाची."

"दात पडल्यात?"

"म्होरचे दोन."

"भिती कशाला?"

"म्हशीला." आण्णांनी दह्यात भाकरी चुरली. "मळ्यात म्हशीच्या पाठीवर बगळा बसतोय की नाही? ते बघून मला विचारती, आण्णा, ह्याला कशी भीती वाटत नाही?"

मी तिथंच होतो म्हणून सांगतो. नाथाजीनं पुढचं ऐकलंच नाही. ओट्यावर गेला, मशीनच्या फळीवरची चिंध्यांची रास खाली लोटली आणि लिहायला बसला. बाहेर वाजंत्री, पोरांच्या पिपाण्या, हंबीररावाचं 'हुकुमदार'! त्याला काही नाही. आण्णा हात धुऊन आले, त्याच्याशेजारी बसले आणि मधूनमधून सांगत राहिले. त्रिशला रुसली की कोठीत बसती, त्रिशलाला ताक आवडत नाही. दिवेलागणीला नाथाजीनं मान वर केली.

गोष्ट अशी, की एका पोरीचं जेवण उरकत नाही, म्हणून ती म्हशीच्या पाठीवरच्या बगळ्याला सूर्याकडं धाडते, जरा थांब म्हणून सांगायला. सूर्य विचारतो, घास किती राहिलेत? बगळा मोजायला परत येतो. मोजतो, पुन्हा उडतो, तोवर पोरीनं आणखी वाढून घेतलेलं असतं. असल्या खेपा घालून घालून बगळ्याचे डोळे दिपतात, म्हणून शेवटी सूर्यच त्याला चष्मा देतो. आण्णांनी ती वाचली, दुसऱ्यांदा वाचली, आणि घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातली. मग त्यांनी पुढं बसून नाटक बघितलं. हंबीररावानं दुसऱ्या अंकात लढाई केली, आणि टाळ्या पडल्या म्हणून तिसऱ्या अंकात कुणी न सांगता परत केली. माझा पदर त्याच्या तलवारीत अडकून गेला तो गेलाच.

सकाळी बैलगाडी जुंपली. आण्णा चढून बसले, छत्री मांडीवर ठेवली आणि नाथाजीला म्हणाले, "माझं ऐका. पाळणे, मंगलाष्टका, नाटक, सगळं सोडा आता. नुसती पुस्तकं लिव्हा. एका माणसानं किती ठिकाणी पुरं पडायचं?"

नाथाजीनं गाडीच्या कठड्यावर हात ठेवला. म्हणाला, "आण्णा, नाटकवाली दारात येऊन बसत्यात म्हणून नाटक हुतं. गोष्टीसाटनं कोण येऊन बसतंय? तुमी दर साली आसं येऊन बसणार आसाल तर सोडतो नाटक. पर हंबीररावाला तुमी सांगायचं, मी न्हाई."