कपाळावरची खूण

आफ्रिकेत मास्तरकी मिळाली, तेव्हा पासपोर्टच्या अर्जात शरीरावरची ओळखीची खूण विचारली होती. मी लिहिलं, ‘कपाळावर दगडाचा व्रण’. पांढुर्ण्याच्या माणसाला दुसरी कोणती खूण असणार? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या अल्याडून आम्ही आणि पल्याडून सावरगाववाले एकमेकांना दगड मारतो, हे नागपूरच्या कारकुनाला सांगावं लागलं नसतं. पण राज्यांची नवी वाटणी झाली होती आणि आमचे कागद आता भोपाळला जाऊन राहिले होते. चौकशी करणारे ठाणेदारही तिकडूनच नवे आलेले.

“पत्थर किसने मारा?”

“मामानं. सावरगावचा आहे तो.”

“दुश्मनी?”

“कायची दुश्मनी जी? संध्याकाळी त्याच्याच घरी जेवलो.”

त्यांनी ओळख पटवायला दोन साक्षीदार मागितले. मी शेजारचे दोन काका नेले. दोघांच्याही कपाळावर तसाच व्रण. साहेबांनी शेरा लिहिला, ‘ही खूण सगळ्याच गावाला आहे, चालणार नाही’, आणि अर्ज खणात टाकला.

अर्ज पावसाळाभर तिथंच पडून होता. मग पोळा आला. दुसऱ्या दिवशी साहेब नदीवर बंदोबस्ताला उभे राहिले आणि पल्याडचा एक दगड नेमका त्यांच्या कपाळावर बसला. जखमेत देवीचा भंडारा मीच भरला. दगड कोणी मारला, हे या खेपेला त्यांनी विचारलं नाही.

संध्याकाळी मामाकडे जेवायला गेलो. वाढता वाढता तो म्हणाला, “आता जाते का नाही तुहा अर्ज भोपाळले?”