कुंकवावरचे अठरा टक्के

झाशीत कुंकवावर अठरा टक्के कर बसवणारा पहिला माणूस मी. सरकारला हे सुचलं नव्हतं.

सिविल लाइन्सला आमच्या सौ.चं छोटं दुकान आहे. कुंकू, बांगड्या, अत्तर, उदबत्त्या असा माल. कशावर किती जीएसटी, ते तिला तोंडपाठ. बिल मात्र हाताने. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर मला हे बघवेना. (घरी बसलेला मी तिलाही बघवत नव्हतो.)

"सगळं कॉम्प्युटरवर आणतो!" मी जाहीर केलं.

"अहो, नीट चाललंय ना?"

पण मी पेटलो होतो. चार दिवस खपून दोनशे जिनसा टाइप केल्या, प्रत्येकीपुढे तिचा दर. सौ.ने तपासल्या. एकही चूक नाही! मग मला सुबकपणाचा झटका आला. नावं अकारविल्हे लावू या! नावांचा रकाना निवडला, बटण दाबलं, आणि नावं शिस्तीत रांगेला लागली. दर मात्र जागचे हलले नाहीत. (त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं!) अत्तर वर सरकून बांगड्यांच्या शून्यापुढे बसलं, आणि अत्तराचे अठरा टक्के आले कुंकवाच्या कपाळी!

तीन दिवस मी दणादण बिलं छापली. चौथ्या दिवशी समथरचे सेठजी आले. लग्नसराईचा सगळा माल आमच्याकडून नेणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. हातात कालचं बिल.

"भाईसाब, कुमकुम पे अठारह परसेंट?"

"सरकारी रेट है, सेठजी. मैंने खुद चढ़ाया है."

"और इत्र पे कुछ नहीं?"

इथे तरी गप्प बसावं! पण तीस वर्षं फायलींत काढलेला माणूस मी. म्हणालो, "सरकार ने कुछ सोचा होगा!"

सौ.ने बिल पाहिलं. मग यादी पाहिली. मग मला. "दोनशे जिनसांत फक्त झाडू बरोबर आहे," ती म्हणाली.

"भाभीजी, अगली बार कहीं और देख लें?" एवढं बोलून सेठजी चालते झाले. सौ.ने हाताने लिहायचं जुनं बिलबुक बाहेर काढलं. ते जास्त लागलं.

"मी निस्तरतो," मी म्हणालो. "एकूण एक बिल!"

कराचं काम बघणारे वकीलसाहेब म्हणाले, बिलं फाडून चालणार नाही. प्रत्येकाच्या दुरुस्तीचा वेगळा कागद करा. केले. स्कूटरवरून घरोघरी निघालो. ज्यांना पैसे परत द्यायचे होते त्यांनी चहा पाजला. ज्यांच्याकडून घ्यायचे होते ते घरात नव्हते. (आतून टीव्ही ऐकू येत होता.) पार्लरवाल्या बाई तेवढ्या भेटल्या. म्हणाल्या, "कैसा टैक्स, अंकलजी? इत्र तो उड़ गया!"

त्यांचा कर मी माझ्या पेन्शनमधून भरला.

शेवटी बसने समथर गाठलं. सेठजींपुढे कागद ठेवला, रक्कम ठेवली आणि हात जोडून म्हणालो, "गलती मेरी है. दुकान की नहीं."

सेठजींनी रक्कम मोजली, मला पाणी दिलं आणि माझ्यासमोरच सौ.ला फोन लावला.

"भाभीजी, ब्याह का सामान आप ही के यहाँ से जाएगा. आपके मुनीमजी आए हैं. आदमी बड़े ईमानदार हैं." एवढ्यावर फोन ठेवायला काय हरकत होती? पण नाही! "बस, इन्हें हिसाब से दूर रखिएगा."

पलीकडून सौ. म्हणाली, "जी, इसीलिए तो समथर भेजा है!"